धाप किती लागली ते खरे सांगा: व्हिडिओ कॉलवरील पल्मनरी रिहॅब

नमस्कार. सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना व्हिडिओ कॉलवरून दिल्या जाणाऱ्या पल्मनरी रिहॅबचा, म्हणजे धाप कमी करण्यासाठीच्या व्यायाम-कार्यक्रमाचा, खरोखर उपयोग होतो का, हे इतक्या प्रेक्षकांनी विचारले आहे की, फिजिओथेरपिस्ट या नात्याने आज त्यावर बोलणे भाग आहे. या कार्यक्रमात साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे, हातापायांचे बळ वाढवणारे व्यायाम आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडण्याचा सराव असतो. फुगे फुगवणे म्हणजे रिहॅब नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमेंटमध्ये फुगे येतातच!

उपयोग होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या अहवालात दूरस्थ आणि प्रत्यक्ष रिहॅबचे परिणाम साधारण सारखेच आढळले. शिवाय कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण दूरस्थ पद्धतीत ९३ टक्के, तर प्रत्यक्ष केंद्रात ७० टक्के होते. ज्याला एसटीच्या पायऱ्या चढतानाच धाप लागते, त्याला केंद्रापर्यंत यायला लावणे हाच मोठा अडथळा असतो, हे त्यामागचे एक कारण मला तरी उघड दिसते.

मात्र गाडी अडते ती एका साध्या प्रश्नापाशी: "शून्य ते दहामध्ये आत्ता धाप किती?" या बोर्ग मापनावर व्यायाम करताना साधारण चार ते सहा अपेक्षित असते. माझ्याकडच्या एक आजी, ज्यांची फुप्फुसे अनेक वर्षांच्या चुलीच्या धुराने खराब झाली आहेत, सून फोन धरून उभी असली की नेहमी "बरं हाय" एवढेच म्हणत. मी त्यांना बोटांनी आकडा दाखवायला सांगितले, तेव्हा तोंडाने "बरं हाय" चालूच होते आणि बोटे मात्र सात वर झाली. सुनेला त्रास नको, ही त्यांची भावना मला समजते. पण खोलीत समोर असतो तेव्हा मला श्वास ऐकू येतो, तर फोन तोच श्वास पुष्कळदा गोंगाट समजून कापून टाकतो. आकडा खोटा असेल, तर माझ्याकडे काहीच उरत नाही.

"वडिलांचा ऑक्सिजन ९६ दाखवतो, तरी दम लागतो म्हणतात, हे नाटक आहे का?" अशी एक कमेंट आहे. नाही, नाटक नाही. सीओपीडीमध्ये हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही, फुप्फुसे फुगलेली राहतात आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. ऑक्सिमीटर ती कोंडी मोजत नाही. शिवाय थंड बोटांवर किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखांवर तो चुकीचा आकडाही दाखवू शकतो. म्हणून ऑक्सिमीटरचा आकडा आणि धापेचा आकडा, दोन्ही सांगा.

याच्या उलट प्रकारही घडतो. आजोबा तीनवर पोहोचले की, "बाबा, बसा आता!" असे घरचे ओरडतात. काळजीपोटीच ओरडतात, हे मान्य. परंतु धाप लागूच द्यायची नाही असे ठरवले, तर पायांचे स्नायू दुबळे होतात आणि पुढे त्याहून कमी श्रमात धाप लागू लागते. चारला थांबवू नका. सातला लपवू नका.

रुग्णांची एक तक्रार मात्र मी खोडणार नाही: केंद्रातील समदुःखी मंडळींच्या गप्पा पडद्यावर मिळत नाहीत. गटाने घेतलेल्या कॉलमध्ये ती उणीव थोडी भरून निघते, म्हणून सोय असेल तिथे तशी मागणी अवश्य करा.

पुढच्या सत्रापूर्वी खुर्ची भिंतीला टेकवा, फोन चेहऱ्यासोबत पायही दिसतील इतका दूर ठेवा आणि घरातील एक माणूस जवळ असू द्या. ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, छातीत दुखू लागले किंवा चक्कर आली, तर आकडा सांगत बसू नका. व्यायाम तत्काळ थांबवा आणि कॉल चालू ठेवूनच आम्हाला सांगा.