जमादाराचा रुपया

(दृश्य : जवाहरलाल नेहरू स्टेडियम, प्रेक्षकांच्या पायऱ्या)

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेलं, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्यानं सजवलेलं. आशियाई स्पर्धांच्या तयारीत असे उड्डाणपूल, अशी स्टेडियमं शहरभर उभी राहत होती. कामं दिल्ली प्रशासन, दिल्ली विकास प्राधिकरण आणि नवी दिल्ली नगरपालिकेची. मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातले. जमादारांनी, म्हणजे आपल्याकडच्या मुकादमांनी आणलेले.

(दृश्य : मजुरी वाटपाची नोंदवही, जवळून)

हे पान नीट पाहा. नाव, भरलेले दिवस, दर, कपात, हाती पडलेली रक्कम, सही किंवा अंगठा. आणि सगळ्यात खाली दाखला : ही मजुरी माझ्या समक्ष दिली. या ओळीखाली सही कंत्राटदाराची नव्हे, ज्याचं काम आहे त्याच्या माणसाची. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा तसंच सांगत होता. कंत्राटदारानं कमी दिलं, तर उरलेले पैसे मालकानं मजुराला द्यायचे आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळते करायचे. इथं मालक सरकार होतं.

किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ती जमादाराच्या हवाली करायचा. जमादार माणशी रुपया काढून घ्यायचा. मजुराला सव्वाआठ. बायकांच्या हाती सातच पडतात, अशी तक्रार होती.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत)

'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेनं तीन समाजशास्त्रज्ञांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल जोडून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिलं. तेच पत्र याचिका म्हणून दाखल झालं.

मजूर कंत्राटदाराचे, आमचे नव्हेत, असं सरकारी बाजूनं सांगून पाहिलं. न्यायालयानं ते मानलं नाही. १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला : किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, राज्यघटनेच्या कलम २३चा भंग. पोटाला चिमटा बसतो म्हणून माणूस कमी मजुरीला तयार होतो, तीही सक्तीच.

(दृश्य : स्टेडियमबाहेरचा रस्ता)

कामगार कायदे पाळले जातात का, यावर देखरेखीसाठी न्यायालयानं तीन लोकपाल, म्हणजे पाहणी करणारे निरीक्षक, नेमले होते. स्पर्धा १९ नोव्हेंबरला सुरू झाल्या.