गाडी पडते तेव्हा आघात कुठे जातो

मित्रहो, लडाखला जाण्याच्या तयारीत असलेले अनेक जण आज समोर बसले आहेत, म्हणून मी भरधाव वेगातल्या अपघातांविषयी न बोलता उभ्या किंवा अगदी सावकाश चालणाऱ्या मोटरसायकलच्या पडण्याविषयीच बोलणार आहे. मनाली-लेह रस्त्यावरच्या एखाद्या नाल्यात गोट्यांवरून चाक घसरते, पाय टेकायला जागा मिळत नाही आणि सामानासह दोनशे किलोंहून जड झालेली गाडी आडवी होते. स्वार बहुधा लगेच उठून उभा राहतो. गाडी मात्र पुढे चालण्याजोगी राहते की नाही, हे जमिनीला तिचा कोणता भाग आधी टेकला यावर ठरते.

बाजारात गार्ड, म्हणजे गाडी पडल्यावर इंजिनाला वाचवणारी नळ्यांची चौकट, घेताना आपण नळीची जाडी पाहतो. माझ्या मते आधी पाहायला हवे ते गार्ड गाडीला कुठे आणि किती ठिकाणी जोडला आहे. इंजिनाची आवरणे ओतीव ॲल्युमिनियमची असतात आणि हा धातू पोलादासारखा फारसा वाकत नाही, तो तडकतो. गार्डचा सगळा भार इंजिन धरून ठेवणाऱ्या एकाच बोल्टवर असेल, तर नळी तरफेसारखे काम करते आणि त्या बोल्टाभोवतीचा ओतीव भागच मोडून काढते; म्हणजे ज्याला वाचवायचे, त्याच्यावरच आपण घाव घातलेला असतो. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वर आणि खाली असा दोन ठिकाणी धरलेला आणि शक्यतो डावी-उजवी बाजू आडव्या दांडीने जोडलेला गार्ड आघात वाटून घेतो. तो थोडा वाकला, तर ते त्याचे कामच आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायचे नायलॉनचे गुटके, म्हणजे स्लायडर, गुळगुळीत डांबरावर घसरण्यासाठी उत्तम. दगडधोंड्यांत मात्र ते अडकतात, म्हणून या प्रवासासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

गार्ड असूनही निसटणाऱ्या जागा आहेत. डावीकडचा गिअर लिव्हर आणि उजवीकडचे ब्रेक पेडल आत दाबले गेले, तर त्यांचे पोलादी टोक इंजिनाच्या आवरणात घुसू शकते आणि ऑइल वाहून जाते. टोकाशी दुमडणारा गिअर लिव्हर यासाठीच उपयोगी पडतो.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरांचा उपाय तर जवळपास फुकट आहे. हँडलवरची त्यांची पकड दगडासारखी आवळू नये. रोजच्या वापरात हलणार नाही, पण जोराचा धक्का बसताच फिरेल इतकीच ठेवावी. पकडीखाली नळकामाच्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे दिले की ती सहज फिरते आणि लिव्हर मोडण्याऐवजी बाजूला होतो. तरीही जोडीला एक क्लच लिव्हर आणि केबल बरोबर असावी, कारण याच रस्त्यावरच्या केलाँग गावाच्या पुढे दुकान गाठेपर्यंत फार मोठे अंतर जाते.

गाडी पडल्यावर आधी इंजिन बंद करावे, पेट्रोल गळत नाही ना ते पाहावे, गाडी उभी करून ऑइल तळाशी उतरेपर्यंत थांबावे आणि त्याची पातळी तपासूनच पुन्हा सुरू करावी. जोरात वाकलेला गार्ड ठोकून सरळ करून परत बसवू नये. त्याच्या वेल्डिंगजवळ बारीक चिरा गेलेल्या असू शकतात. त्याच्याबरोबर त्याला धरणारे बोल्टही बदलावेत.