तवंग कोणाचा, घमेली कोणाची?

उपस्थित सरपंच, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

पावसाळ्यात आपल्या पुळणीवर समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरगोळे येतात, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. मुलांच्या तळपायाला चिकटलेले डांबर खोबरेल तेल चोळून काढण्याचा उद्योग किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने केलेला आहे. मात्र ही पुळण साफ कोणी करायची, असा प्रश्न ग्रामसभेत निघाला की प्रत्येक कार्यालय शेजारच्या दाराकडे बोट दाखवते, आणि शेवटी घमेली-फावडी पंचायतीच्या सफाई कामगारांच्याच हातात येतात. असे का होते, ते आज पाहू.

समुद्रातील तेलगळतीला तोंड देण्याचे काम 1986 सालापासून तटरक्षक दलाकडे आहे आणि त्यासाठीची राष्ट्रीय आपत्कालीन योजना 1996 पासून अमलात आहे. या योजनेत जबाबदारीची वाटणी जागेवरून केलेली आहे: खुल्या समुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत ते बंदर, समुद्रातल्या तेलविहिरींभोवतीच्या 500 मीटरांत त्या विहिरी चालवणारी कंपनी आणि किनाऱ्यावर राज्य सरकार. कागदावर यात खोट काढता येत नाही. परंतु तवंगाला हद्द कळत नाही. सकाळी तो बंदराच्या हद्दीत असतो, उधाणाच्या भरतीबरोबर दुपारी खाडीत शिरतो आणि ओहोटीला कांदळवनाच्या मुळ्यांवर काळा थर ठेवून जातो. राज्य सरकार म्हणजे आपल्या अनुभवात जिल्हाधिकारी, त्यांच्याकडून तहसीलदार, आणि तिथून खाली येत येत ग्रामसेवक.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल सांडले आणि उरण-अलिबागपर्यंतच्या किनाऱ्याला त्याची झळ पोचली. तेलाबरोबर पाण्यात पडलेल्या कंटेनरांपैकी काहींमध्ये कीटकनाशके होती, त्यामुळे तो अपघात तेलाचा म्हणावा तसाच रसायनांचाही म्हणावा लागतो. पुढच्याच वर्षी, 4 ऑगस्टला, कोळसा घेऊन निघालेले ‘रॅक कॅरियर’ जहाज मुंबईजवळ बुडाले आणि त्यातले तेल समुद्रात पसरले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 100 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश 2016 च्या ऑगस्टमध्ये दिला, म्हणजे पाच वर्षांनी, आणि ती रक्कम भरायची होती केंद्राच्या जहाज मंत्रालयाकडे. ज्याच्या जाळ्यांना तेल लागले त्याच्या हातात त्यातले काय पडावे, हा प्रश्न निराळाच.

तरीही ‘करील तो भरील’ हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्के आहे, हे विसरता कामा नये. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे नववे कलम अवश्य वाचावे, असे मी प्रत्येक सरपंचांना सांगतो. अपघाताने प्रदूषक बाहेर पडला, किंवा पडण्याचा संभव असला, तर त्याला जबाबदार असणाऱ्याने आणि त्या जागेचा ताबा असणाऱ्याने तो आवरलाच पाहिजे व तातडीने कळवलेही पाहिजे. शासकीय यंत्रणेने उपाय केले तर त्यांचा खर्च व्याजासह त्याच्याकडून वसूल करता येतो. जहाजाच्या इंधनाबाबत 2015 मध्ये भारत आंतरराष्ट्रीय बंकर कराराचा सदस्य झाला. त्या करारानुसार 1,000 टनांहून अधिक नोंदणीच्या जहाजाला विमा सक्तीचा आहे, दावा थेट विमा कंपनीवर करता येतो आणि प्रदूषण रोखण्यासाठी केलेला वाजवी खर्चही मागता येतो. मात्र नुकसान झाल्यापासून 3 वर्षांच्या आत.

‘वाजवी खर्च’ हे शब्द आपल्याला पैसे मिळवून देतात, आणि तेच आपल्या हातून निसटतात. पुळण साफ करताना माणसे किती, तास किती, जेसीबी किती फेऱ्या फिरला, डिझेल किती लागले, याची रोजच्या रोज नोंद नसेल तर तीन महिन्यांनी ठोकताळ्याने बनवलेले बिल कोणी मान्य करीत नाही. म्हणून माझे मत असे आहे की तवंग दिसल्यावर पंचायतीने तटरक्षक दल आणि तहसीलदारांना कळवून घमेले उचलण्याआधी वही उघडावी, पंचनामा करावा, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि तेलाचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत साक्षीदारांसमक्ष सीलबंद करावा. नमुन्यावरून तेल कोणत्या जहाजाच्या टाकीशी जुळते हे प्रयोगशाळेत पडताळता येते. नमुनाच नसेल तर कायद्यातला ‘करील तो’ सापडायचा कसा?

महामार्गावरच्या रासायनिक टँकरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे गुन्हेगार पळून जात नाही, घाटातच उलटून पडलेला असतो. लोटे, महाड, रोहा या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या प्रत्येक टँकरवर आतल्या रसायनाची ओळख सांगणारा फलक हवा आणि चालकाजवळ त्या मालाविषयीच्या लेखी सूचना हव्यात, असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. माल पाठवणारा, वाहनमालक आणि चालक या तिघांवरही त्यात कर्तव्ये घातलेली आहेत. मदतीला धावणाऱ्या तरुणांनी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहून, दुरून, आधी तो फलक वाचावा आणि तोच मजकूर फोनवर पोलिसांना सांगावा. डिझेल समजून कॅन घेऊन धावण्याची हौस आपल्याकडे आहे, ती जिवावर बेतू शकते.

आता गोळा केलेल्या वाळूविषयी. तेलाने माखलेली वाळू हा धोकादायक कचरा आहे आणि तो तळोज्यासारख्या परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. एका गावात मी पाहिले, की चारशेहून अधिक गोणी शाळेच्या कुंपणामागे रचून ठेवल्या होत्या; त्या नेण्याचे भाडे कोणी द्यायचे यावर पत्रव्यवहार चालू होता. मे महिन्यात उन्हाने गोण्यांचा प्लॅस्टिकचा धागा विरला, जूनच्या पहिल्या पावसात त्या फुटल्या आणि काळे पाणी वहाळातून पुन्हा खाडीत गेले, तिसऱ्या, कालवे असे शिंपले काढतात नेमके त्या खाजणापाशी. तेल जहाजाचे होते खरे, पण या दुसऱ्या गळतीच्या वेळी त्या जागेचा ताबा पंचायतीकडे होता, आणि नवव्या कलमातले ‘ताबा असणारा’ हे शब्द तिला लागू पडत होते.