चाल राहिली, शब्द गेले

(गायनवृंदाची तालीम. हातात स्वरलिपीच्या फायली. वाद्य एकही नाही.)

आधी थोडं नुसतं ऐका.

(गाणं, वीस सेकंद)

पेटीवर शेजारशेजारच्या पट्ट्या अशा एकदम दाबल्या, तर आपले गुरुजी डोळे वटारतील. इथे ते मुद्दाम केलंय. सोप्रानो आणि अल्टो म्हणजे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, टेनर आणि बास पुरुषांचे. या गटांचेही पुन्हा गट पडतात आणि लगतचे सूर एकमेकांना खेटून उभे राहतात. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकर यांची ही रचना. नाव ‘स्लीप’, म्हणजे झोप.

हे सूर बांधले गेले, तेव्हा त्यांच्यावर वेगळे शब्द होते.

(बर्फाळ रान)

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची कविता. बर्फ पडणाऱ्या रानापाशी घोडागाडी थांबवून उभा राहिलेला माणूस. लिहिली मात्र १९२२ च्या जून महिन्यातल्या एका सकाळी! पंडित नेहरूंनी अखेरच्या काळात हिचंच शेवटचं कडवं स्वतः लिहून जवळ ठेवलं होतं.

१९९९ मध्ये एका गायिकेने व्हिटॅकर यांच्याकडे रचना मागितली. पन्नासहून अधिक वर्षं संसार केलेले तिचे आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ तिला आवडती हीच कविता हवी होती. २००० मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिला प्रयोग झाला.

आणि मग परवानगी नाकारली गेली. कवितेचे हक्क फ्रॉस्ट यांच्या वारसांकडे आणि प्रकाशकाकडे. बराच पत्रव्यवहार झाला, पण छापायचं नाही आणि गायचंही नाही, हे कायम राहिलं. कवी जाऊन तेव्हा छत्तीसहून अधिक वर्षं झाली होती.

(स्वरलिपीचं पान, जवळून. सुरांखालची शब्दांची ओळ.)

आता हे पान नीट बघा. वरचे सूर पक्के, खालची ओळ रिकामी करायची. आधी चाल, मग शब्द, हे आपल्या सिनेगीतकारांना नवीन नाही. त्याच सुरांवर नवे शब्द लिहिणाऱ्या चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या कविमित्रापुढचं कोडं त्याहून अवघड होतं. फ्रॉस्ट यांची ओळ आपल्या अष्टाक्षरीसारखी, आठ अवयवांची, म्हणजे उच्चाराच्या आठ तुकड्यांची. पण आघात दर दुसऱ्या अवयवावर. कडवी चार. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात. एकटी पडलेली तिसरी ओळ पुढच्या कडव्याला यमक देते. शेवटच्या कडव्यात चारही ओळी एकाच यमकात, आणि अखेरची ओळ दोनदा. सिल्व्हेस्ट्रींनी ही सगळी वीण जशीच्या तशी ठेवली. ‘गडद’ आणि ‘खोल’ ही फ्रॉस्ट यांच्या रानाची विशेषणंही राहिली, फक्त ती आता स्वप्नांना लागली. रान गेलं, घोडा गेला. अंथरुणावर पडलेलं, झोपेला शरण जाणारं कुणीतरी आलं. शेवटचा शब्द मात्र तोच: ‘स्लीप’.

(पडद्यावर शेकडो छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा)

२०११. ‘स्लीप’साठी ५८ देशांतून आलेल्या २,०५२ चित्रफिती. प्रत्येक गायकाने आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून, संगणकावर दिसणाऱ्या व्हिटॅकर यांच्या हातांकडे बघत आपली ओळ गायली. मग त्या चित्रफिती एकत्र गुंफल्या.

२०१९ मध्ये फ्रॉस्ट यांची कविता अमेरिकेत हक्कमुक्त झाली. ती पुन्हा वापरणार नाही, असं व्हिटॅकर यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

(पुन्हा तालमीची खोली. निवेदन इथे थांबतं. शेवटचा शब्द, पुन्हा पुन्हा, विरेपर्यंत.)