लिब्रा: एकदाही न चाललेलं नाणं

हा सीन बघा. 23 ऑक्टोबर 2019, टाय लावून मार्क झुकरबर्ग टेबलाशी एकटाच बसलाय, समोर अमेरिकी संसदेची अख्खी कमिटी. आणि तो स्वतःच कबूल करतोय की हे सांगायला आत्ता आम्ही काही योग्य माणसं नाही. बोहनीच्या आधीच दुकानदार असं म्हणाला तर काय समजायचं?

माल होता लिब्रा, फेसबुकने काढायचं ठरवलेलं डिजिटल चलन. त्याच वर्षी जूनमध्ये फेसबुकने जाहीर केलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतो तसे जगात कुठेही पैसे पाठवा, बँक खातं नसलेल्या 170 कोटी लोकांची सोय होईल वगैरे वगैरे. बिटकॉइनसारखा भाव वरखाली नको म्हणून मागे डॉलर, युरो, येन असला खरा साठा ठेवायचा आणि कारभार जिनिव्हातल्या एका असोसिएशनकडे, 28 मेंबर, त्यात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल, उबर सगळी बडी मंडळी. कागदावर एकदम झकास.

पण केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण (फेसबुक युजरांचा डेटा परस्पर राजकीय प्रचारासाठी वापरला गेला ते) अजून ताजं होतं, ज्याला लोकांचा डेटा सांभाळता आला नाही त्याच्या हातात पाकीट कोण देणार? सरकारांची धास्ती तर वेगळीच, दोनशे कोटींच्या वर युजर, ते उद्या लिब्रातच पैसे ठेवायला लागले तर देशाच्या चलनाला विचारतो कोण. फ्रान्सचे अर्थमंत्री ब्रूनो ल मेर यांनी युरोपात हे होऊ देणार नाही असं सरळ सांगितलं. पेपाल आधीच सटकलं होतं. मग 8 ऑक्टोबरला दोन अमेरिकी सिनेटरनी व्हिसा, मास्टरकार्ड आणि ऑनलाइन पेमेंटवाल्या स्ट्राइपला पत्रं पाठवली, यात पडलात तर तुमचे बाकीचे व्यवहारही तपासले जातील अशा अर्थाची. 11 तारखेला तिघंही बाहेर! तीन दिवसांत.

(आपल्याकडे तोवर चहाच्या टपरीवर यूपीआयचा क्यूआर कोड लागलेला होता, तो भाग वेगळा.)

पुढे नुसतं बारसं चाललं. लिब्रा ठेवायचं फेसबुकचं अ‍ॅप म्हणजे कॅलिब्रा वॉलेट, त्याचं नोव्ही झालं, डिसेंबर 2020 मध्ये लिब्राचं डिएम (Diem). ऑक्टोबर 2021 मध्ये नोव्हीची ट्रायल अमेरिका आणि ग्वाटेमालात सुरू झाली खरी, पण आत नाणं कुणाचं, तर पॅक्सॉस नावाच्या दुसऱ्याच कंपनीचं, कारण स्वतःच्या नाण्याला परवानगीच मिळालेली नव्हती.

जानेवारी 2022 मध्ये डिएमचं सगळं किडुकमिडुक सिल्व्हरगेट नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बँकेने घेतलं, जवळपास 20 कोटी डॉलरला. मार्च 2023 मध्ये त्या बँकेनेही गाशा गुंडाळला.