शिवायचं ते चारचौघींत

नमस्कार. ओळख करून देताना आत्ता मला 'शिवणतज्ज्ञ' म्हटलं गेलं. तज्ज्ञ वगैरे काही नाही हो. मला मशीन चालवता येतं, बोलता येतं आणि दोन्ही एका वेळी करता येतं, एवढीच माझी पात्रता. (हशा)

हसा, पण आजचा विषय जवळपास तोच आहे. 'घरकाम, छंद आणि मैत्रिणींबरोबरचं शिवण' असं पत्रिकेत छापलंय. माझं म्हणणं एवढंच, की घरचं सगळं आवरल्यावर वेळ उरला तर शिवायला बसू, हे आपण सोडून द्यावं. सकाळी कामांची यादी करताना शिवण त्या यादीतच लिहावं, मधोमध. आणि एकटीनं न बसता चौघींनी मिळून बसावं. चौघींनीच का, ते शेवटी सांगते.

आधी सकाळ आवरू. घरातली बहुतेक कामं झाली म्हणेपर्यंत मोडायला लागतात. ओटा पुसून फडकं वाळत घालावं, तोवर कुणीतरी पाणी पिऊन पेला त्याच ओट्यावर ठेवून जातं. घड्या घातलेल्या कपड्यांतून नेमका तळाचा सदरा हवा असतो. शिवणाचं तसं नाही. उसवलेली बगल शिवली की ती शिवलेली राहते. बटण लावलं की लागलं. दुसऱ्या महिन्यात तेच बटण पुन्हा हातात आलं, तर लावणाऱ्यानं कापड आणि बटण यांच्यामध्ये दोऱ्याचा देठ ठेवला नव्हता, असं खुशाल समजा. बटण कापडाला चिकटवून आवळलं की काजाच्या कापडाला जागा उरत नाही, सगळा ताण दोऱ्यावर येतो. हे विषयात नाही, पण सांगून टाकलं.

तर, आवरल्यावर बसू म्हणतो, ते आवरतं कधी? जोअन व्हॅनेक नावाच्या अभ्यासक बाईंनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या घरकामाचा हिशेब मांडला. बाहेर नोकरी न करणाऱ्या बायका 1924 च्या सुमाराला आठवड्याला साधारण 52 तास घरकाम करत होत्या. मधल्या काळात नळ आले, वीज आली, धुण्याची यंत्रं आली. आणि 1960 च्या दशकात? 55 तास! धुण्याचा वेळ तर चक्क वाढला, कारण कपडे वाढले आणि ते वरचेवर धुतले जाऊ लागले. शिलाई मशीनचंही तेच झालं. एलियस हाऊ यांना 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट मिळालं. पुढे पुरुषाचा जो सदरा हातानं शिवायला 14 तासांवर वेळ लागे, तो मशीनवर सव्वा तासात होतो, अशी आकडेवारी तेव्हाच्या मशीनवाल्यांनी छापली. वाचलेल्या वेळाचं काय झालं? झालरी वाढल्या, चुण्या वाढल्या. म्हणजे 'आवरल्यावर' नावाची वेळ घड्याळात नाही. ती आपणच काढायची.

बरं, वेळ काढला. कापड धुऊन, इस्त्री करून पसरलं, आडवा-उभा धागा पाहिला, खडूनं आखलं. आता हवी कात्री. इथे मी जरा थांबणार आहे. कापडाची कात्री घरातल्या कुणीही कागदाला लावू नये, ही माझी आयुष्यभराची मागणी आहे आणि ती कुठल्याच घरात मंजूर झालेली नाही. (हशा, टाळ्या) टाळ्या सगळ्या एकाच बाजूनं आल्या, तेही नोंदवून घेतलं.

लोकांना वाटतं, हे बाईंचं सोवळं आहे. तसं नाही. छपाईचा कागद गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात खडूची नाहीतर चिनी मातीची बारीक पूड घातलेली असते. म्हणजे कागद कापताना आपण धारेवर खनिज घासत असतो. शिवाय कात्रीची दोन पाती एकमेकींना पूर्ण चिकटत नाहीत. त्यांच्यात किंचित बाक ठेवलेला असतो, आणि कापताना ती एकाच बिंदूवर टेकतात. तो बिंदू मागून टोकापर्यंत सरकत जातो. त्या वाटेवर एक जरी बारीक खाच पडली, तरी तिथे आल्यावर कापड कापलं जात नाही, पात्यांमध्ये दुमडून अडकतं. तलम, सुळसुळीत कापड असेल तर संपलंच. कागद मात्र त्याच कात्रीनं मजेत कापला जातो, म्हणून गुन्हेगार शांतपणे म्हणतो, "चालतेय की!"

हल्ली तर पार्सलं आली. चिकटपट्टी कापायला घरात सुरी आहे, साधी कात्री आहे, दात आहेत. पण हात जातो तो खालची मूठ मोठी असलेल्या, वाकड्या दांड्याच्या, जड कात्रीकडेच. तो दांडा वाकडा कशासाठी? खालचं पातं टेबलावर सपाट सरकावं आणि कापड उचललं जाऊ नये म्हणून. पार्सल उघडताना टेबलाला धरून कापायची गरज कुणाला पडते, सांगा! मी कात्रीच्या मुठीला चिंधी बांधून पाहिली, चिठ्ठी लावून पाहिली. ती चिठ्ठी नीट चौकोनी कापावी म्हणून घरातल्या एका सद्गृहस्थानं कुठली कात्री घेतली असेल? (मोठा हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे देवा. मग मुद्द्यावर येते, भराभर.

चौघी कशाला? पहिलं, स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचा घेर स्वतःला आखता येत नाही. वाकलं की कडा वर जाते. जमिनीपासून पट्टी उभी धरून कुणी दुसरीनंच टाचण्या लावाव्या लागतात. पाठीचंही तसंच. दुसरं, हात कामात आणि नजर टाक्यावर असली, की माणूस समोरासमोर जे बोलत नाही ते तुरपाई करता करता बोलून जातं. तिसरं, उसवणं. एकटी असले की उसवायचं काम गाठोड्यात जातं आणि तिथेच राहतं. शेजारी कुणी उसवत असेल तर आपलाही हात चालतो. छंद अर्धवट पडतात ते हौस संपली म्हणून कमी, अशा एका कंटाळवाण्या टप्प्यावर सोबत नसते म्हणून जास्त.

कुणी विचारेल, भरतकाम, विणकाम चालेल का? चालेल. ज्यात हात गुंतून तोंड मोकळं राहतं ते सगळं चालेल.

एकच अट सांगते आणि बसते. बेतून कापायचं काम घरून करून आणा. तुरपाई, काजं, बटणं, टाचण, उसवणं, काय वाटेल ते चौघींत करा. पण गप्पा रंगात आल्या असताना कापड कापू नका. दोन्ही बाह्या डाव्या निघतात.