सापडला कुठे, राहतो कुठे : एका लहान चपट्या माशाचा पत्ता

(बेळगावातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

बेळगावात निमंत्रणपत्रिकेवर 'सीमा' हा शब्द छापला की खुर्च्या कमी पडतात, हे संयोजकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असल्यामुळे त्यांनी आजच्या विषयाला 'एका माशाच्या सीमा' असे नाव दिले आहे. वेगळ्या अपेक्षेने जे आले असतील त्यांना मागचे दार उघडे आहे. उरलेल्यांपुढे मी वीतभरही नसलेल्या एका चपट्या माशाची हकिगत मांडणार आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाशी, ज्वालामुखीच्या उतारावर, गंधकाच्या शेजारी तो राहतो. २००८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्याचा विस्तार नेमका कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न सुटता सुटता पुन्हा गुंतला आहे. मात्र त्याच्यापर्यंत जाण्यासाठी मला आपल्या बाजारातूनच वाट काढावी लागेल.

चपटा मासा कसा असतो हे या सभागृहात समजावण्याची गरज नाही. चोर्ला घाटातून गोव्याचा, आंबोलीवरून मालवण-वेंगुर्ल्याचा आणि रामनगरच्या बाजूने कारवारचा मासा बर्फात घालून साडेसातशे मीटर उंचीवरच्या आपल्या गावात येतो, आणि त्यात लेपा असतातच. गोवेकर त्यांना लेपो म्हणतात, कारवारकडे नंगू म्हणतात, आणि कातडी सोलून, रव्यात घोळवून तव्यावर टाकल्यावर कोणीच काही म्हणत नाही. आता मला सांगा, लेपाचे दोन्ही डोळे कोणत्या अंगाला असतात? डावीकडून 'डाव्या' आणि उजवीकडून 'उजव्या' अशी उत्तरे आली, आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. जिभेच्या आकाराच्या लेपांच्या कुळात, म्हणजे सिनोग्लॉसिडीमध्ये, डोळे डाव्या अंगाला असतात. सोलिडी या दुसऱ्या कुळात ते उजव्या अंगाला असतात. भाकस तर दोन्ही प्रकारचा सापडतो.

यातली एक गोष्ट आपण शेवटपर्यंत लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे. अंड्यातून बाहेर पडलेले लेपाचे पिल्लू चपटे नसते. ते इतर माशांच्या पिलांसारखे उभे पोहते, त्याच्या प्रत्येक अंगाला एकेक डोळा असतो, आणि पारदर्शक शरीराने ते प्रवाहाबरोबर वाहत जाते. पुढे एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या अंगाला जातो, मासा आडवा होतो आणि तळाला लागतो. लांबचा प्रवास होतो तो मुख्यतः या वाहत्या वयात, त्यामुळे माशाचा विस्तार किती हे ठरवताना मोठ्या माशापेक्षा त्याच्या पिलाचा विचार आधी करावा लागतो.

आता माझ्या तक्रारीकडे वळतो, जी माझ्या परिचितांनी अनेकदा ऐकलेली आहे. एका महाविद्यालयाच्या, त्याचे नाव मी घेणार नाही, प्राणिशास्त्र विभागातील कपाटात फॉर्मलिनमध्ये बुडवलेला एक लेपा आहे. बरणीवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर तिरप्या अक्षरांत 'जीभमासा, बेळगाव' एवढेच लिहिलेले आहे. तारीख नाही, पकडणाऱ्याचे नाव नाही. पुढे कपाटाची यादी नव्याने करताना कोणा नीटनेटक्या माणसाला प्रश्न पडला असावा, की मासा बेळगावचा असेल तर तो बेळगावच्या कोणत्या तरी नदीतलाच असणार. म्हणून त्याने चांगल्या हस्ताक्षरात 'मार्कंडेय नदी' अशी भर घातली. त्या यादीवरून जिल्ह्यातील माशांची आणखी एक यादी तयार झाली, ती टंकलिखित होती, आणि तिच्यात या लेपासमोर 'स्थानिक, दुर्मिळ' असा शेरा होता. दुर्मिळ असणारच! मार्कंडेय नदीत दुसरा लेपा आजवर कोणाला मिळालेला नाही.

मी रीतसर पत्र लिहून हरकत घेतली. 'नोंद अभिलेखानुसार योग्य आहे' असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले की अभिलेख बाजूला ठेवून एकदा बरणीतला मासा पाहावा, कारण त्याचे पोट चिरून साफ केलेले आहे. नदीतून नमुना गोळा करणारा कोणताही अभ्यासक माशाचे आतडे टाकून देत नाही, उलट त्याने काय खाल्ले हे पाहण्यासाठी ते जपून ठेवतो. पोट साफ करून देते ती मासेवाली. या पत्राला उत्तर आले नाही, आणि तो लेपा माझ्या माहितीप्रमाणे आजही मार्कंडेय नदीचा रहिवासी आहे.

आपण हसलात, पण लेपा नदीत असूच शकत नाही असे मी म्हणालो नाही, आणि ही तक्रार किरकोळ नाही ती त्यामुळेच. मेकाँग नदीत सिनोग्लॉसस या लेपाच्या वंशातली जात गोड्या पाण्यात राहते, दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या पाण्यात चपट्या माशांचे एक वेगळेच कूळ आहे, आणि फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांचे वर्णन केले त्यात चपटे मासेही होते. तेव्हा 'नदीत लेपा' हे वाक्य ऐकून हसून चालत नाही, ते तपासावे लागते. आपल्या बाबतीत तपासणी खानापूर तालुक्यातच होते. तिथे पश्चिमेला वळलेले पाणी म्हादईतून मांडवीला आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते, तर कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. मांडवीच्या खाडीत लेपा आहेत, पण तिथून वर येऊ पाहणाऱ्या तळच्या माशापुढे वज्रपोह्यासारखा धबधबा आणि सह्याद्रीचा कडा उभा आहे. मार्कंडेय तर घटप्रभेची उपनदी आहे, म्हणजे तिच्यात समुद्राकडून यायचे असेल तर कृष्णेच्या मुखापासून सारे दख्खन ओलांडावे लागेल. माशाच्या सीमा पाणलोटाने, खारेपणाने, तळाच्या मातीने आणि प्रवाहाने आखल्या जातात, त्यात जिल्ह्याचा संबंध नाही. (नाही, मी अजून माशाबद्दलच बोलत आहे.)

मासळीबाजारातून नमुना घेण्याला माझा विरोध नाही. पीटर ब्लेकर हा डच लष्करी डॉक्टर एकोणिसाव्या शतकात बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, बाजारातून मासे विकत घेई, आणि त्याने जवळजवळ दोन हजार जातींचे वर्णन केले. बाजारात जात कळते, जागा कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यातही लेपाच्या बाबतीत आपण स्वयंपाकघरात एक गुन्हा करतो. सिनोग्लॉससच्या जाती ओळखताना डोळ्यांच्या अंगावर पार्श्वरेषा, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या संवेदनाग्राही रेषा, दोन आहेत की तीन, आणि दोन रेषांच्या मध्ये खवल्यांच्या ओळी किती, हे मोजावे लागते. जे. आर. नॉर्मनने १९२८ साली मलबारच्या लहान लेपाला सिनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस हे नाव दिले तेही अशाच मोजमापांवर, आणि ए. जी. के. मेनन यांनी १९७७ च्या प्रबंधात साऱ्या वंशाची पुनर्मांडणी केली तीही अशाच तपासणीवर. आपण मात्र सर्वांत आधी कातडी सोलतो, म्हणजे माशाची कागदपत्रे मांजरापुढे टाकतो आणि मग तो कोणत्या जातीचा होता यावर जेवताना वाद घालतो.

नोंद साक्षीदाराच्या प्रतिष्ठेवर चालत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरणही एका चपट्या माशाचेच आहे. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे 'ट्रिएस्ट' या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल उतरले. तळाशी आपण एक चपटा मासा पाहिला, असे पिकार यांनी सांगितले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते, पण तळाचा गाळ उसळल्यामुळे छायाचित्र मिळाले नाही, आणि नमुना तर मिळणे शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ टॉर्बेन वोल्फ यांनी या दाव्यावर शंका घेतली. ती समुद्रकाकडी असावी, असे आज अनेक जण मानतात. माशांच्या पेशींतील रसायनांचा अभ्यास सांगतो की सुमारे ८,२०० ते ८,४०० मीटरच्या खाली दाब सोसणे त्यांना शक्य नसावे. प्रत्यक्ष चित्रित झालेला सर्वांत खोलवरचा मासा २०२२ साली जपानजवळ ८,३३६ मीटरवर दिसला, आणि तो चपटा नव्हता. बरणीतला लेपा आणि पिकार यांचा मासा यांत मी फरक करत नाही, कारण दोन्ही ठिकाणी मासा कोठला हे सांगणारा पुरावा नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा पत्रिकेत छापलेला विषय आता मला घाईने आवरावा लागेल.

त्या लहान माशाचे नाव सिम्फुरस थर्मोफिलस. थॉमस मन्रो आणि जून हाशिमोतो यांनी २००८ साली त्याचे वर्णन केले. तो लेपाच्याच कुळातला असल्याने त्याचेही डोळे डावीकडे असतात, पण या वंशात पार्श्वरेषाच नसते, त्यामुळे मघाशी सांगितलेली युक्ती येथे निरुपयोगी ठरते. परांचे आणि शेपटीचे काटे, मणके, आणि परांना आधार देणारी हाडे मणक्यांच्या काट्यांमध्ये कोणत्या क्रमाने गुंफलेली आहेत, हे क्ष-किरण छायाचित्रांत मोजून जात ठरवावी लागते. पश्चिम पॅसिफिकमध्ये समुद्रतळावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती तो राहतो. मारियाना ज्वालामुखींच्या रांगेत निक्को, दाइकोकू आणि कासुगा-२ या समुद्राखालच्या पर्वतांवर, चार-साडेचारशे मीटरच्या आसपास, सिम्फुरसची एवढी दाटी आढळली की ते एकमेकांवर पडून राहतात. दाइकोकूवर तर वितळलेल्या गंधकाचे तळेच यंत्रपाणबुडीच्या कॅमेऱ्याने टिपले. अशाच प्रकारचे मासे दक्षिण गोलार्धात, टोंगा-केरमाडेक रांगेतील ज्वालामुखींवरही मिळाले, आणि नकाशावर एकाच लहान माशाचा विस्तार सहा हजार किलोमीटरांहून अधिक पसरला.

मग २०१० च्या सुमारास व्हेरेना टनिक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तुलना केली, तेव्हा उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या माशांत मोठा फरक निघाला. आता ते वाहते पिल्लू आठवा. पिले एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सहज वाहत जात असती, तर एवढा फरक टिकला नसता. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे हे मासे बराच काळ एकमेकांपासून तुटलेले आहेत, आणि नकाशावरचा तो लांब पट्टा एका जातीचा मानणे धोक्याचे आहे. फरक वेगळ्या जातीएवढा ठरला तर मूळ नाव ज्या नमुन्यावर बांधलेले आहे त्याच्या समूहाकडेच राहील, दुसऱ्याला नवे वर्णन आणि नवे नाव द्यावे लागेल, आणि नव्याने नोंदलेला विस्तार नव्यानेच आखडेल. मधल्या समुद्राचा प्रश्न त्याहून अवघड आहे. नकाशावरच्या रिकाम्या जागेत मासा नाही की तिथे अजून कोणी यंत्र उतरवले नाही, हे ठिपके सांगत नाहीत. हे मासे हाती येतात ते खर्चिक मोहिमांतून, आणि मोहिमा जातात त्या आधीच माहीत असलेल्या झऱ्यांकडे. त्यामुळे आपण माशाचा विस्तार म्हणून जो पाहतो, त्याचा बराचसा भाग जहाजांच्या वाटांचा असतो. तरीही या नोंदींना मी मान देतो, कारण प्रत्येक नमुन्याबरोबर पर्वत, खोली, दिवस आणि पकडण्याची रीत लिहिलेली आहे, आणि उद्या कोणाला शंका आली तर ती बरणी उघडून तपासता येते.

शंखशिंपल्यांवर बोलायचे राहून गेले, ते संयोजकांनी परत बोलावले तर. पुढच्या रांगेतल्या काकांनी मघापासून हात वर ठेवला आहे. त्यांचा प्रश्न आधी घेऊ.